कॉपी, माफी आणि मूल्यशिक्षणाचा तास : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मूल्यशिक्षणाच्या तासाला मी गोष्ट सांगते आणि तात्पर्य विचारते. आठवीची मुलं अचूक उत्तर देतात, पण वागण्यात काही फरक पडत नाही. चुकतंय कुठे? – एक शिक्षिका

तात्पर्य सांगता येणं हे भाषेचं कौशल्य आहे. गोष्ट ऐकताना बाईंना कोणतं उत्तर हवंय ते मुलांना केव्हाच कळलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी नैतिक वागण्याचे चार भाग सांगितले आहेत. इथे कुणाचं तरी नुकसान होतंय हे मुळात दिसणं, योग्य काय ते ठरवणं, मोह किंवा भीती यांपेक्षा त्या निर्णयाला वरचं स्थान देणं आणि तो तडीस नेणं. तात्पर्याचा तास दुसऱ्या भागाला जेमतेम स्पर्श करतो. उरलेले तीन कोरेच राहतात.

गोष्टीऐवजी पाच-सहा ओळींचा, मुलांच्या जगातला एक पेच द्या. उदाहरणार्थ, परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राने एक फोटो पाठवला. तू तो उघडलास आणि मग कळलं की ती उद्याची प्रश्नपत्रिका आहे. दोन प्रश्न तुझ्या नजरेखालून गेलेसुद्धा. आता काय करशील?

पस्तीस मिनिटांचा तास असा वाटून घ्या. वाचन आणि शंका पाच मिनिटं. मग तीन मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने आपला निर्णय आणि एक कारण वहीत लिहायचं. ही तीन मिनिटं गाळू नका. ती गाळली की वर्गातली दोन-तीन बोलकी मुलं ठरवतात आणि बाकीची माना डोलावतात. नंतर चौघांच्या गटात दहा मिनिटं आणि सगळ्या वर्गाची चर्चा बारा मिनिटं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा वहीत : माझं मत बदललं का, कुणाच्या कोणत्या म्हणण्यामुळे?

चर्चेत तुमचं मत आधी सांगू नका, पण प्रश्न टोकदार ठेवा. ‘तू अभ्यास करून परीक्षेला बसला असतास आणि फोटो दुसऱ्याला मिळाला असता, तर?’ ‘मित्राचं नाव सांगणं आणि फोटोबद्दल सांगणं, या दोन्हींत फरक आहे का?’ या दुसऱ्या प्रश्नाशी वर्ग बराच वेळ रेंगाळतो, रेंगाळू द्या. मात्र ‘प्रत्येकाचं आपापलं बरोबर’ असं म्हणून तास संपवू नका. एखाद्याला छळणं योग्य आहे असा सूर निघाला, तर तिथे शिक्षकाने स्पष्ट नाही म्हणायलाच हवं आणि का नाही तेही सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट बहुतेक तासांतून सुटते : तोंडाने बोलून पाहण्याचा सराव. काय योग्य ते मुलांना ठाऊक असतं, पण मित्राला नाही म्हणायचं तर नेमके शब्द सुचत नाहीत. जोड्या करून वाक्य म्हणायला लावा. ‘मी फोटो डिलीट केलाय. सकाळी सरांना सांगू या, तू येतोस का बरोबर?’ पहिल्यांदा मुलं लाजतात, हसतात. तिसऱ्या खेपेला आवाज स्थिर होतो.

प्रश्न : सहावीतला मुलगा चाचणीत कॉपी करताना सापडला. आम्ही फार बोललो. आता तो ‘मी वाईटच आहे’ असं म्हणतो. काय करावं? – एक पालक

आधी त्याच्या मनातून ते वाक्य काढा, कारण ते खरं नाही. हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजारो मुलांना कॉपी करण्याची, खोटं बोलण्याची, वस्तू ढापण्याची संधी मिळेल अशा प्रसंगांत पाहिलं. मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी सरळ विभागणी झाली नाही. एका चाचणीत कॉपी करणारं मूल दुसरीकडे सचोटीने वागत होतं. म्हणून ‘खोटारडा’ हा शिक्का मारण्यापेक्षा त्याच विषयात, त्याच दिवशी असं का झालं हे शोधणं जास्त उपयोगाचं.

सगळे शांत असताना दहा मिनिटं बसा. तीनच गोष्टी विचारा : काय झालं, त्याच्या जरा आधी मनात काय चाललं होतं आणि याचा परिणाम कुणाकुणावर झाला. ‘का केलंस?’ असं विचारू नका. त्यावर मूल सबब शोधतं किंवा गप्प बसतं. उत्तरं बहुधा तीन प्रकारची येतात. धडा समजलाच नव्हता, कमी गुण मिळाले तर घरी काय होईल याची धास्ती होती किंवा सगळेच करत होते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात शिकवणी हवी, दुसऱ्यात तुम्हाला बदलावं लागेल आणि तिसऱ्यात शाळेशी बोलावं लागेल.

दुसऱ्या कारणाबद्दल थोडं सविस्तर. म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८च्या प्रयोगांत काही मुलांची ‘तू हुशार आहेस’ अशी स्तुती केली, काहींची मेहनतीबद्दल. नंतर अवघड कोडी देऊन, आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितलं. हुशारीची स्तुती झालेल्या दहांपैकी जवळपास चार मुलांनी गुण वाढवून सांगितले. मेहनतीची स्तुती झालेल्यांत हे प्रमाण खूपच कमी होतं. हुशार म्हणवून घेणं टिकवायचं असलं की खरा गुण लपवावासा वाटतो. घरात ‘किती मिळाले?’ हा पहिला प्रश्न असेल, तर तो बदला. ‘कोणतं उदाहरण अडलं?’ असं विचारा.

आणि भरपाई होऊ द्या. त्याने स्वतः शिक्षकांना भेटावं, चाचणीचे गुण रद्द झाले तर ते स्वीकारावेत आणि तोच भाग पुन्हा लिहून दाखवावा. तुम्ही सोबत चला, पण बोलू द्या त्यालाच. शाळेला गळ घालून गुण वाचवलेत, तर आधीचं सगळं बोलणं पाण्यात.

प्रश्न : प्रामाणिकपणासाठी बिल्ले आणि प्रगतिपुस्तकात गुण द्यावेत असा विचार आहे. योग्य होईल का? – एक मुख्याध्यापक

आमचा सल्ला : देऊ नका. बिल्ला सुरू झाला की तो मिळवायला परत करण्याजोग्या वस्तू ‘सापडू’ लागतात, कधी कधी मित्राच्याच दप्तरातून. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली दाखवलं की आवडीने चित्र काढणाऱ्या लहान मुलांना बक्षिसाचं आधी कबूल करून चित्र काढायला लावलं, तर पुढे त्यांची ती ओढ कमी होते. दंडाचंही तसंच. इस्रायलमधल्या हैफातल्या दहा पाळणाघरांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्यांपैकी काही ठिकाणी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर वाढला आणि दंड काढल्यावरही पूर्ववत झाला नाही. बाईंना ताटकळत ठेवू नये ही जी लाज होती, तिची जागा किमतीने घेतली.

गुणांऐवजी वर्गशिक्षकाने तारखेसह एक ओळ लिहावी : ‘गटाच्या तक्त्यातली चूक स्वतःची असल्याचं सांगितलं आणि सुट्टीत बसून ती दुरुस्त केली.’ एका सत्रात प्रत्येक मुलाबद्दल अशा दोन नोंदी पुरेत. ‘प्रामाणिक व होतकरू’ असे छापील शेरे नकोत. ते वाचून मुलाला स्वतःबद्दल काहीच कळत नाही.

प्रश्न : खोटं बोलू नये म्हणून लहानांना कोणती गोष्ट सांगावी?

खोटं बोलणाऱ्याला शिक्षा झाल्याची नको, खरं सांगणाऱ्याचं कौतुक झाल्याची सांगा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन ते सात वर्षांच्या मुलांना दोन्ही प्रकारच्या गोष्टी ऐकवल्या. ‘लांडगा आला रे आला’ ऐकून मुलं जास्त खरं बोलू लागली नाहीत. कबुलीचं स्वागत झालेली गोष्ट ऐकल्यावर मात्र बोलली.

प्रश्न : भांडणानंतर माफी मागायला लावावी का?

लगेच नाही. धाकाने म्हटलेलं ‘सॉरी’ दोघांनाही खोटं वाटतं. आधी मोडलं-फाडलं ते दुरुस्त करायला लावा. ज्याला लागलं त्याला काय हवंय ते विचारा. शब्द दुसऱ्या दिवशी आले तरी चालतील.

प्रश्न : विद्यार्थी निबंध एआयकडून लिहून आणतात. कसं पकडावं? – एक शिक्षक

पकडण्याच्या मागे लागू नका. एआयचं लेखन ओळखणारी साधनं चुकतात. नेटकं लिहिणारं निरपराध मूलही त्यात अडकतं आणि त्यावरचा अन्याय हा शाळेचा अनैतिकपणा ठरतो. त्याऐवजी काम देतानाच लिहून सांगा : मुद्दे सुचवून घेणं चालेल, शुद्धलेखन तपासणं चालेल, परिच्छेद लिहून घेणं चालणार नाही आणि जी मदत घेतली ती शेवटी दोन ओळींत नोंदवायची. कच्चा मसुदा जमा करायला सांगा. मग रोज चार-पाच जणांशी तीन-तीन मिनिटं बोला : हे उदाहरण का निवडलंस, काय गाळलंस, दुसऱ्या परिच्छेदातला हा शब्द सोपा करून सांग. ज्याने स्वतः लिहिलंय तो उत्साहाने बोलतो. ज्याला बोलता येत नाही, त्याला तोच निबंध वर्गात बसून पुन्हा लिहिण्याची संधी द्या.

प्रश्न : गुणांची बेरीज माझ्याकडूनच चुकली. ज्याचे गुण वाढले होते, त्याच मुलाने ते दाखवलं. काय करावं?

वर्गासमोर, त्याच दिवशी, दोन वाक्यांत : ‘बेरीज माझी चुकली. याने दाखवली, आभारी आहे.’ गुण दुरुस्त करा, कमी होत असतील तर कमीच करा, पण त्याला बाजूला घेऊन सांगा की हे करायला किती बळ लागतं ते तुम्हाला दिसलं. नंतर बाकीच्या सगळ्या उत्तरपत्रिकांची बेरीज पुन्हा तपासा आणि तपासली हेही वर्गाला सांगा.