वाचकांचे प्रश्न : पेनीवर चालणारी ताकद-यंत्रं

प्रश्न : जुन्या सामानात हाताची पकड मोजणारं इंग्लंडचं ओतीव लोखंडी यंत्र मिळालं. खाच जुन्या मोठ्या पेनीची आहे. दहा रुपयांचं नाणं टाकलं तर ते सरळ खालच्या पेटीत जातं. हँडल दाबलं जातं, पण काटा हलत नाही. बोटाने ढकलला तर अर्ध्यावर अडकतो. काय करावं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नाण्याची. अशा बऱ्याच यंत्रांत हँडलचा दांडा आणि काट्याकडे जाणारी पट्टी यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. नाणं ती फट भरतं, तेव्हाच जोर पुढे पोचतो. काहींत नाण्याच्या वजनाने खटका सुटतो. जुनी पेनी 30.8 मिमी आणि 9.4 ग्रॅमची, आपलं दहाचं नाणं 27 मिमी आणि 7.7 ग्रॅमचं. म्हणजे ते दोन्हीकडे कमी पडतं. खाच कानसू नका. लेथवाल्याकडून 1.5 मिमी पितळी पत्र्याच्या 30.8 मिमीच्या चकत्या कापून घ्या. वजन साधारण साडेनऊ ग्रॅम भरतं. कडा गुळगुळीत हवी, नाहीतर चकती मधेच तिरकी अडकते.

काटा अडकतो तो बहुधा घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसमुळे. रॅक (दातेरी पट्टी) आणि पिनियन (तिच्यावर फिरणारं छोटं दातेरी चाक) रॉकेलने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पिनियनच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. नाण्याच्या वाटेत तेल अजिबात नको. धूळ चिकटून चिखल होतो. तिथे ग्रॅफाइटची पूड.

मग स्प्रिंग तपासा. थकलेली स्प्रिंग जास्त ताणली जाते, म्हणून यंत्र खोटी ताकद दाखवतं (पाहुणे खूश होतात, हे खरं). चकती टाकून, यंत्र पक्कं बांधून, हलता दांडा खाली ओढला जाईल असं ठेवा आणि मूठ जिथे येते तिथे आधी 20 किलो टांगा : काटा 44 पौंडांवर हवा. 50 किलोला 110.

आणि हो, उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ओला वारा ओतीव लोखंडाला पावसाळ्याइतकाच गंजवतो.

प्रश्न : मुठी धरल्या की शॉक देणारं यंत्र आहे. घरच्या विजेवर चालवता येईल का?
– धंतोली

उत्तर : नाही, अडॅप्टर लावूनही नाही. त्यातलं इन्सुलेशन फुटलं तर 230 व्होल्ट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातील. ही यंत्रं कोरड्या सेलची आहेत, सेलवरच ठेवा. गुणगुण ऐकू येत नसेल तर कंपन करणाऱ्या पट्टीची टोकं काळी पडली असतील. सेल काढून कोऱ्या जाड कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढा. एमरी (घासायचा खरखरीत कागद) नको, तिचे कण रुततात. गुणगुण आहे पण मुठींत झटका नाही, तर बाहेरच्या गुंडाळीची तार किंवा मुठींचा जोड तुटलाय. पेसमेकर, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल त्यांनी मूठ धरायचीच नाही.

प्रश्न : 1910 च्या आसपासचं म्हणून विकलेल्या यंत्राचे भाग आरशासारखे क्रोमचे आहेत. अस्सल का?
– सीताबर्डी

उत्तर : मुलामा तरी नाही. क्रोम-प्लेटिंग व्यवसायात आलं 1920 च्या दशकाच्या मध्यात. त्याआधी निकेल, किंचित पिवळसर आणि मऊ चकाकीचं. यंत्र जुनं असू शकतं, पण भाव पुन्हा मुलामा दिलेल्याचाच द्या.