वाचकांचे प्रश्न : सुट्या खड्याचं पेंडंट

प्रश्न : माझ्याकडे २५ × १८ मिलिमीटरचा अंडाकृती अकीक आहे. पुढून घुमटासारखा, मागून सपाट. तांब्याच्या तारेनं उभा-आडवा गुंडाळला, तरी दोन दिवसांत निसटतो. तार आणखी घट्ट ओढायची का?

उत्तर : ओढू नका. गुळगुळीत घुमटावरून तार घसरणारच. असा खडा त्याच्या कडेलाच धरावा लागतो : एक तार पुढून उतारावर टेकलेली, एक मागून तळाला अडकलेली आणि मधली कडेभोवती.

२० गेजची, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची मऊ तार घ्या. या खड्याचा घेर सुमारे ६८ मिलिमीटर भरतो. साखळी ओवायच्या कडीसाठी दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटीमीटर धरले, तर २० सेंटीमीटरचे तीन तुकडे पुरतात. ते शेजारी-शेजारी सपाट ठेवून टोकांना चिकटपट्टी लावा. बरोबर मध्यावर २६ गेजच्या बारीक तारेचे पाच-सहा वेढे द्या, मग तिथून १३ मिलिमीटरवर दोन्हीकडे तसेच वेढे. वेढ्यांची टोकं मागच्या बाजूला दाबून टाका, नाहीतर कपड्यात अडकतात.

आता ही पट्टी खड्याभोवती वळवा, वर दोन्ही बाजू जुळतील तिथे सहाही तारा एकत्र बांधा आणि खडा काढून घ्या. आधी मागची तार वेढ्यांच्या मधल्या जागांत दीड-दोन मिलिमीटर आत ओढा, मग खडा पुढून बसवा आणि पुढची तारही तशीच चार ठिकाणी आत घ्या. यासाठी नायलॉनच्या तोंडाची पक्कड उत्तम. लोखंडी पक्कड तारेवर दात उमटवते आणि घसरली तर खड्याची कड उडवते.

कडीसाठी मधल्या दोन तारा ५ मिलिमीटर जाडीच्या विणकामाच्या सुईवरून मागे वळवून मानेभोवती, म्हणजे सहा तारा बांधल्या तिथे, तीन वेढे द्या. साखळीचा अडकवा त्यातून जातो का, हे वेढे देण्याआधी पाहा. ही चूक फार होते. उरलेल्या चार तारांची टोकं कानशीनं गोल करून गुंडाळा.

शेवटी पेंडंट मऊ कापडावर उलटं धरून कानाजवळ हलवा. बारीक टकटक ऐकू आली तर पुढची तार अजून आत हवी.

एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तांबं कडक होऊन तुटतं. मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की ते परत मऊ होतं, पण हे खडा बसवण्यापूर्वीच करायचं. खड्यासकट तापवलं तर खडा तडकू शकतो.

प्रश्न : कडीची तयार पट्टी झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावली. खड्यावर पांढुरकी झाक आली.

उत्तर : तो गोंद सुकताना त्याची वाफ आजूबाजूला बसते, तीच ही झाक. दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा. पट्टीची मागची बाजू पॉलिश कागदानं खरवडा, दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटनं पुसून कोरडे करा आणि २४ तास हलवू नका. पट्टी मागे, वरच्या तिसऱ्या भागात लावा. खाली लावली तर पेंडंट पुढे कलतं. फिरोजा सच्छिद्र असतो, त्याला स्पिरिटही नको, कोरड्या फडक्यानं पुसा. पारदर्शक खड्यात गोंद पुढून दिसतो, म्हणून त्याला तारेचंच कोंदण करा.

प्रश्न : पैलूदार पुष्कराजाला भोक पाडता येईल का?

उत्तर : पाडू नये. पुष्कराज (टोपाझ) कठीण असला तरी एका दिशेनं तो स्वच्छ दुभंगतो, आणि ड्रिलचा दाब त्याला तेवढं निमित्त देतो. व्हर्निअर कॅलिपरनं लांबी-रुंदी मोजून त्याच मापाचं चार नख्यांचं तयार कोंदण घ्या. नख्या समोरासमोरच्या जोडीनं, थोड्या थोड्या दाबा. एकच नखी पूर्ण दाबली की खडा तिरका बसतो.