किल्ली लावताना बघ

प्रिय पोरी,

परवा ड्रायव्हिंगचा तास चालू असताना तू सांगितलंस, एकवीस पूर्ण झाली आणि रविवारी ग्रुपबरोबर गंगापूर धरणाकडच्या वाइनरीत जाणार. समोर सिग्नल होता, मी नुसतं 'हं' म्हटलं. घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

जाऊ नकोस म्हणणार नाही. दिंडोरी-निफाडकडच्या किती घरांची चूल द्राक्षावर पेटते, हे नाशिककराला सांगायला नको. कायदाही तुला अडवत नाही. आपल्या राज्यात वाइन आणि सौम्य बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात, पण व्हिस्की, रम, देशीला २५. म्हणजे तुमच्यातल्या एखाद्या बावीस वर्षांच्या पोरानं सॅकमधून क्वार्टर काढली, तर ते बेकायदाच. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याकडे परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. हे बहुतेकांच्या गावीही नसतं.

'वाइन म्हणजे काय, द्राक्षाचा रस' हे मात्र मनातून काढून टाक. १५० मिलीच्या एका ग्लासात चौदा-पंधरा ग्रॅम अल्कोहोल असतं, ३० मिली व्हिस्कीपेक्षा जास्त. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत चाळीसच्या आसपास. यकृत ते आपल्या गतीनं जाळतं, तासाला साधारण सात-आठ ग्रॅम. लिंबूपाणी प्या, कॉफी प्या, डोक्यावर गार पाणी ओता, त्याला घाई करता येत नाही. गाडी चालवताना रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमच्या वर सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तुझ्या अंगकाठीला दोन ग्लास त्यासाठी पुरेसे आहेत.

पण मला काळजी तू चालवण्याची नाही. तू अजून शिकतेयस, एकटी गाडी काढणार नाहीस. तू मागे बसशील, त्याची आहे.

१९९७ साली मी चोवीस वर्षांचा होतो. दिंडोरीकडचं एक लग्न उरकून मित्राबरोबर मोटरसायकलवर निघालो. त्यानं घेतली होती, मी नाही. त्याला किल्ली लावता येईना. एकदा चुकली, दुसऱ्यांदा टाकीवर घासली, तिसऱ्यांदा बसली. मी ते हातभर अंतरावरून बघत होतो. तो हसला, मीही हसलो आणि मागे बसलो. म्हसरूळच्या अलीकडे द्राक्षाच्या क्रेटनी भरलेली ट्रॉली कडेला उभी होती, मागे दिवा नाही. शुद्धीतल्या माणसानं ती चुकवली असती. माझं गळ्याचं हाड मोडलं, ते जुळून आलं. तो तालुक्याला कबड्डी खेळायचा, त्याचा उजवा गुडघा कायमचा गेला.

लोक अजूनही त्यालाच दोष देतात. पण त्या रात्री डोकं ताळ्यावर असलेला माणूस तिथे एकटा मीच होतो. किल्ली मी मागायला हवी होती. नाही मागितली, कारण त्याला वाईट वाटलं असतं. एवढंच कारण होतं, पोरी. आजही लग्नाकार्यात तो लंगडत समोरून आला की मला ती टाकीवर घासणारी किल्ली ऐकू येते.

म्हणून गाडी कोण चालवणार ते रविवारी निघायच्या आधी ठरवा. ज्याचं ठरेल त्यानं घोटभरही घ्यायची नाही. तिथे गेल्यावर ठरवू म्हणाल तर नाही ठरणार, कारण दारू सगळ्यात आधी अंदाजच नेते. पिणाऱ्याला आपण अगदी व्यवस्थित आहोत असंच वाटत असतं, तो खोटं बोलत नसतो. तेव्हा त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याचे हात बघ. आणि शंका आली तर बसू नकोस. सगळे निघून गेले तरी तिथेच, उजेडात आणि माणसांत थांब आणि मला फोन कर. पाथर्डी फाट्यावरून यायला मला पाऊण तास लागेल. काही विचारणार नाही, घरीही सांगणार नाही.

सोमवारी सकाळी सातचा तास तुझा आहे. रात्री उशिरापर्यंत घेतलेली सकाळपर्यंत उतरलेली नसते, झोप झाली म्हणून रक्त साफ होत नाही. तसं झालं तर सरळ कळव. तास पुढे ढकलू, पैसे कापणार नाही.

तुझे,
सर