पगाराचा डेटा ऑरॅकल डेटाबेसमध्ये आहे. तो डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) दिसू नये, पण त्याचं काम अडू नये, असं करता येतं का?

हो, येतं; ऑरॅकलमध्ये त्यासाठी ‘डेटाबेस व्हॉल्ट’ आहे, फक्त एंटरप्राइझ एडिशनवर आणि वेगळे पैसे मोजून. पगाराच्या स्कीमाभोवती (टेबलांच्या गटाभोवती) ‘रेल्म’, म्हणजे संरक्षणाचं कुंपण, आखायचा. मग डीबीएकडे ‘सिलेक्ट एनी टेबल’ (कुठलंही टेबल वाचायचा अधिकार) असलं तरी त्या टेबलवर क्वेरी मारली की ‘ओआरए-०१०३१’ (अधिकार अपुरे) ही एरर एवढंच हाती येतं. मी स्वतः डीबीए आहे, रोज हे बघतो. आरमॅनचे (ऑरॅकलच्या बॅकअप टूलचे) बॅकअप, ट्यूनिंग बिनबोभाट चालतं. डेटा पंप या ऑरॅकलच्याच टूलने डेटाचा एक्स्पोर्ट काढायचा तर मात्र वेगळी परवानगी लागते. व्हॉल्टचं ओनर खातं सिक्युरिटीवाल्यांकडे ठेवा. ते डीबीएलाच दिलं तर कुलूप आणि किल्ली एकाच खिशात!

एक मेख आहे: व्हॉल्ट डेटाबेसच्या आत पहारा देतो. सर्व्हरवर रूट (सर्वाधिकार) असलेला माणूस डेटाची .डीबीएफ फाइल उचलून त्यावर ‘स्ट्रिंग्ज’ (फाइलमधला मजकूर दाखवणारी कमांड) चालवेल आणि नावं वाचेल. म्हणून जोडीला टीडीई, म्हणजे डेटाच्या फाइल्सचं एन्क्रिप्शन, हवंच, आणि त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर नको, एचएसएममध्ये (किल्ल्या जपणाऱ्या वेगळ्या उपकरणात) ठेवा. नुसतं टीडीई मात्र पुरत नाही. लॉगिन केलेल्या डीबीएला त्यात डेटा उघडाच दिसतो.