जुन्या जीपची उंची आणि टायर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मे महिना सरत आला की राधानगरी, गगनबावडा, आंबा या भागांत ज्यांची शेती किंवा घरे आहेत, असे अनेक जण आपली जुनी जिप्सी, जीप किंवा थार घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "गाडी किती उचलायची?" या वेळी आलेल्या पत्रांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आहे. उत्तरांआधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे बरेचसे तिच्यावर उभे आहे. सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत जमिनीच्या सर्वांत जवळ असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा, आणि तो बॉडीला नव्हे तर चाकांना टेकलेला असतो. पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, वाढवले की बॉडी वर जाते, गोळा जिथल्या तिथे राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरच्या वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच.

प्रश्न : माझ्याकडे १९९९ ची जिप्सी किंग आहे. दाजीपूरच्या बाजूला शेत असल्याने पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जावेच लागते. तीन इंच लिफ्ट करून २३५/७५ आर १५ चे टायर घालावेत, असा सल्ला मिळाला आहे. योग्य आहे का? (करवीर तालुका)

उत्तर : माझ्या मते नाही, आणि त्याची कारणे आकड्यांतच आहेत. किंगचा मूळ रेडिअल टायर २०५/७० आर १५ आहे, म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ७० टक्के आणि रिम १५ इंची. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर येतो. २१५/७५ आर १५ चा व्यास ७०४ च्या आसपास आणि तुम्हाला सुचवलेल्या २३५/७५ चा ७३४ च्या आसपास आहे. म्हणजे २१५ घातल्यास गोळा १८ मिलिमीटरने वर जाईल आणि २३५ घातल्यास ३३ मिलिमीटरने. हा फरक दगडावर नक्की जाणवतो. मात्र त्याची किंमत इंजिन मोजते. तुमची जिप्सी १.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर चालते. चाक जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठे झाले की प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, आणि राधानगरीकडून वर चढताना जिथे आज तिसऱ्या गिअरवर काम भागते तिथे दुसरा टाकावा लागतो. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ६६ असतो. ब्रेकलाही मोठे आणि जड चाक थांबवायचे असते, आणि हे ब्रेक पंचवीस वर्षे जुने आहेत.

रिमचाही विचार करा. रिमवर तिची रुंदी कोरलेली असते. ती साडेपाच इंच असेल तर २१५ चा टायर तिच्यावर नीट बसतो. २३५ ला किमान सहा इंची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा तळवा मधोमध फुगतो, कडा जमिनीवर नीट टेकत नाहीत, आणि वळणावर गाडी डोलते.

तुमच्या वापरासाठी मी मूळ मापातच चांगला ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारा, टायर निवडेन. त्याने भागत नाही असा अनुभव एक पावसाळाभर आला, तर २१५/७५ चा विचार करावा, आणि त्यासाठी एक ते दीड इंचापेक्षा जास्त उंची लागू नये. चाक पूर्ण वळवून, एक बाजू ठोकळ्यावर चढवून, टायर पाट्याला किंवा मडगार्डला घासतो का ते आधी पाहा. घासत नसेल तर तीही नको. जिप्सीचे वजन जेमतेम एक हजार किलो आहे आणि चिखलात तोच तिचा खरा गुण आहे. जड चाके, लोखंडी बंपर आणि तीन इंची उंची लादून तो घालवू नका.

प्रश्न : आमची एमएम ५४० वडिलांनी घेतलेली आहे. ती ड्रायव्हरच्या बाजूला झुकली आहे. एक मिस्त्री म्हणतात लांब शॅकल टाका, दुसरे म्हणतात एक पाटा वाढवा, तिसरे म्हणतात चारही पाट्यांचे सेट नवे घ्या. कोणाचे ऐकावे? (भुदरगड तालुका)

उत्तर : तिघांपैकी कोणाचेही ऐकण्याआधी गाडी मोजा. सपाट फरशीवर उभी करा, चारही टायरांत हवा सारखी करा, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर खडूने मडगार्डवरच लिहून ठेवा. चार आकडे समोर आले की निम्मे वाद मिटतात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक जुन्या जीपमध्ये मालकाला जी "लिफ्ट" हवी असते, ती मुळात कंपनीने दिलेलीच उंची असते. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने पाट्यांची कमान बसल्यामुळे ती हरवलेली असते. ड्रायव्हरच्या बाजूला कायम एक माणूस बसत असल्याने तीच बाजू आधी बसणे स्वाभाविक आहे.

आता तिन्ही सल्ल्यांविषयी. लांब शॅकल हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट मार्ग आहे. शॅकल, म्हणजे पाट्याला चासीशी जोडणारी झुलती कडी, पाट्याच्या एकाच टोकाला असते, म्हणून ती दोन इंच वाढवली की गाडी एकच इंच वर येते. शिवाय एकच टोक खाली ढकलले गेल्याने संपूर्ण अ‍ॅक्सल किंचित फिरतो. पुढच्या अ‍ॅक्सलवर शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ राहत नाही. मागच्या टोकाला असेल तर कॅस्टर वाढतो, पण प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो. जादा पाट्याने उंची येते, मात्र गाडी कडक होते. थकलेल्या जुन्या पाट्यांत एकच ताजा पाटा घातला की भार त्याच्यावरच जास्त येतो, आणि मोडतो तोही तोच.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देण्याचा मार्ग आपल्याकडे सहज उपलब्ध आहे, कारण कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केवळ थंड ठोकून दिलेली कमान मात्र एका हंगामात पुन्हा बसते; तापवून, विझवून आणि योग्य पाणी देऊन केलेले काम टिकते. कारागिराला हे स्पष्ट विचारा. पाटे मोडलेले किंवा गंजाने पातळ झालेले असतील तर नवे घ्या, आणि घ्याल तेव्हा डावा-उजवा जोडीनेच बदला. चारही एकदम बदलण्याची गरज नसते. बुश आणि यू-बोल्ट नवेच वापरा. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरू नये. पाचशे किलोमीटरनंतर तो परत आवळून घ्यायचा असतो, आणि नेमके हेच काम विसरले जाते.

उंची थोडीही बदलली तरी एक तपासणी टाळू नका. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी लिफ्ट करून आलेली जीप मी जॅकवर घेतली. पुढचे चाक लोंबकळू दिले तेव्हा ब्रेकचा रबरी होज तारेसारखा ताणला गेला आणि त्याच्यावर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा उघडल्या. चाक जमिनीवर असताना तो अगदी ठीक दिसत होता. मालक त्याच आठवड्यात कुटुंबासह विशाळगडाला जाऊन आले होते. म्हणून चाक पूर्ण खाली सोडून होज, शॉकअबसॉर्बर आणि प्रॉपेलर शाफ्टचा सरकता सांधा तपासा. शॉकअबसॉर्बर पूर्ण ताणला जाऊन तोच चाकाला अडवत असेल, तर जास्त लांबीचा दुसरा घ्यावा लागेल. आणि जीप चाळीस-पन्नासच्या वेगाला आधीच डुगडुगत असेल तर किंगपिन आणि टाय रॉडचे एंड प्रथम दुरुस्त करा. ढिल्या स्टिअरिंगवर उंची चढवणे धोक्याचे आहे.

प्रश्न : २०१४ ची थार सीआरडीई आहे. पुढचे टॉर्शन बार आवळून दोन इंच उंची घेतली. सहा महिन्यांत सीव्ही जॉइंटचे बूट फाटले, टायर आतून झिजले आणि खड्ड्यात "खट" असा आवाज येतो. (कोल्हापूर शहर)

उत्तर : तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. टॉर्शन बार म्हणजे पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी; ती आवळल्याने स्प्रिंगची ताकद वाढत नाही; फक्त चाकाची विश्रांतीची जागा खाली सरकते. त्यामुळे चाकाला खाली जायला वाव उरत नाही, खड्ड्यात ते टोकाला जाऊन आपटते आणि तुम्हाला तो आवाज ऐकू येतो. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने तिथला डिफरन्शियल चासीसोबत वर गेला हे खरे, पण चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटले, आणि चाकांचा कोन बदलल्याने टायर आतून झिजले. मागचा गोळा तर तेवढ्याच उंचीवर राहिला. बार मूळ मापावर परत आणा, बूट बदलून ग्रीस भरा आणि मग व्हील अलाइनमेंट करा. मूळ २३५/७० आर १६ वरून २४५/७५ आर १६ वर गेल्यास गोळ्याखाली १९ मिलिमीटर मिळतात. दोन इंच आवळूनही मागे यातले काहीच मिळाले नव्हते.

प्रश्न : जुनी कमांडर फोर बाय फोर उसाच्या शेतात आणि गावात वापरतो. मड टेरेन घ्यावेत की ऑल टेरेन? (शिरोळ तालुका)

उत्तर : मड टेरेन टायरच्या मोठ्या ठोकळ्यांतली फट चिखल फेकून देण्यासाठी असते, आणि काळ्या मातीत ती खरोखर उपयोगी पडते, कारण ही माती नक्षीत भरली की चाक गुळगुळीत रूळ होऊन फिरत राहते. त्याच फटीमुळे ओल्या डांबरावर कमी रबर टेकते, ब्रेक लांब लागतो आणि गाडी घोंघावते. महिन्यातला बहुतेक प्रवास डांबरावर होत असेल तर अरुंद मापाचा ऑल टेरेन घ्या. अरुंद टायर मऊ थर कापून खालच्या घट्ट मातीपर्यंत पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो.

शेतात शिरताना हवा नेहमीच्या आकड्यावरून १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरावर येण्याआधी पुन्हा भरा, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेवा. जुन्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून सुटू शकतो. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत मात्र कोणताही टायर वाचवत नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे बाहेरच्या कडेवर ठेवून चाकोरी पायांमध्ये घेत चला.

प्रश्न : हे बदल केल्यास आरटीओत अडचण येईल का? (इचलकरंजी)

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षे झालेली गाडी पुनर्नोंदणीच्या तपासणीला न्यावी लागते, हेही लक्षात ठेवा. मी वर जिप्सीसाठी २१५ चा उल्लेख केला. कडक अर्थाने तोही मूळ मापापासून दूर जाणेच आहे, म्हणून बदलाआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करा आणि विमा कंपनीला कळवा. हरवलेली मूळ उंची परत आणणे आणि मूळ मापात चांगली नक्षी निवडणे यांवर कोणाचाही आक्षेप असत नाही.

प्रश्न : परदेशी बनावटीचे वापरलेले चार टायर निम्म्या किमतीत मिळत आहेत. नक्षी भरपूर आहे. घ्यावेत का? (गडहिंग्लज)

उत्तर : नक्षीआधी तारीख वाचा. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सहा वर्षांपेक्षा जुना टायर, कितीही नक्षी असली तरी, मी घाटात वापरणार नाही, कारण रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. कडेवर अंगठा दाबून सूक्ष्म भेगा उघडतात का ते पाहा, आणि आतल्या बाजूने ठिगळ आहे का तेही तपासा. नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. चिखलासाठी तेवढीच उरली असेल तर ती नसल्यासारखीच आहे.

चारांच्या भावात पाचवा टायर येत नाही, आणि इथे बहुतेकांची चूक होते. आपल्या या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतो. पंक्चरनंतर वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून फोर व्हील टाकली की पुढची आणि मागची चाके वेगवेगळी अंतरे कापू पाहतात, आणि तो सगळा पीळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. त्याच मापाचा पाचवा टायर जोडता येत नसेल तर हा सौदा सोडून द्या.