वॉरहॉलचा प्रिंट, मागचा शिक्का आणि मुंबईचा विक्रेता

प्रश्न : मी नागपूरला धरमपेठेत राहतो. 14 महिन्यांपूर्वी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या सूपच्या डब्याचा स्क्रीनप्रिंट (जाळीतून शाई दाबून काढलेला छाप) घेतला, गुंतवणूक म्हणून. आधीचे तीन प्रिंट वर्षानुवर्षं घरीच आहेत, एकही विकलेला नाही. एकूण 4 लाख 80 हजार दिले. पैकी दीड लाख रोख, बाकीचे बँकेतून. बिल 3 लाख 30 हजारांचंच आहे. त्यावर ‘ओरिजिनल स्क्रीनप्रिंट, 1968, लिमिटेड एडिशन 250’ असं लिहिलंय, शिवाय विक्रेत्याच्याच लेटरहेडवर सर्टिफिकेट आहे. पावसाळ्यात काचेआड ओल दिसली म्हणून मागचा चिकटपट्टीने बंद केलेला पुठ्ठा काढून फ्रेम उघडली, तर प्रिंटच्या मागे ‘फिल इन युअर ओन सिग्नेचर’ (इथे तुमचीच सही करा) असा शिक्का! विक्रेता म्हणतो, विकलेला माल परत नाही, केस करायची तर मुंबईत करा. तसं बिलावर छापलंही आहे. वर्ध्याचे एक गृहस्थ हा प्रिंट घ्यायला तयार आहेत. काय करू?

उत्तर : आधी वर्ध्याचा सौदा थांबवा. शिक्का पाहिल्यावरही तेच बिल दाखवून तुम्ही प्रिंट विकलात, तर तुमची आजची तक्रार उद्या ते गृहस्थ तुमच्याविरुद्ध करतील, आणि ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय तुम्हाला उरणार नाही. खरं सांगून विकायला हरकत नाही, पण मग तुमचा मुख्य पुरावाच घराबाहेर जाईल.

आता प्रिंटकडे वळू. 1968च्या संचात 10 प्रिंट होते, प्रत्येकाच्या क्रमांकित प्रती 250. सही मागच्या बाजूला बॉलपेनने, क्रमांक रबरी शिक्क्याने. तुमच्याकडचा शिक्का ‘संडे बी. मॉर्निंग’ या नावाने 1970पासून निघालेल्या प्रिंटांवर असतो. तेही स्क्रीनप्रिंटच, पोस्टर नव्हेत. त्यांनाही गिऱ्हाईक आहे, पण सहीच्या 1968च्या प्रतीपुढे त्यांचा भाव फारच कमी. म्हणजे ‘ओरिजिनल स्क्रीनप्रिंट’ या शब्दांवर समोरचा वकील वाद घालू शकतो. ‘1968’ आणि ‘250’ या आकड्यांवर मात्र त्याची पंचाईत होईल. म्हणून नोटिशीत ‘बनावट’, ‘टोळी’ वगैरे काही लिहू नका. बिलात वर्णन केलेला माल दिला नाही, एवढंच लिहा. मालविक्री अधिनियम, 1930च्या कलम 15ला तेवढं पुरतं. बनावटगिरीची लांबलचक कहाणी सांगितली, की ग्राहक आयोग ‘याला सविस्तर पुरावा लागेल, दिवाणी न्यायालयात जा’ म्हणण्याचा धोका असतो.

एवढ्या स्वस्तात 1968चा वॉरहॉल मिळतो का, हे खरेदीदाराला कळायला हवं होतं, असा बचाव हमखास येईल. त्यावर तुमचं उत्तर फ्रेममध्येच आहे. मागचा पुठ्ठा चिकटपट्टीने बंद होता, शिक्का त्याच्या आत होता. त्यामुळे ती चिकटपट्टी, पुठ्ठा, फ्रेमवाल्याचं लेबल, काहीही फेकू नका, आणि ओल पुसायच्या नादात कागदाला हात लावू नका. सगळ्याचे फोटो काढा. वॉरहॉलच्या कामांची खातरजमा करणारं न्यूयॉर्कचं मंडळ 2012मध्ये बंद झालं, तेव्हा ‘तिथून दाखला आणून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. प्रिंटांचा व्यवहार करणाऱ्या जाणकाराचं, शिक्क्याविषयीचं प्रतिज्ञापत्र अधिक कामाचं.

मुंबईची धमकी पोकळ आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019च्या कलम 34नुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. बिलावरच्या छापील ओळीने तो हक्क जात नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत 2 वर्षांची. ती शिक्का दिसला तेव्हापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बिलाच्या तारखेपासूनच मोजा.

‘गुंतवणूक म्हणून घेतला’ असंही तुम्ही लिहिलंय. फेरविक्रीसाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि विक्रेता हे नेमकं उचलेल. भिंतीवर लावायला घेतला आणि पुढेमागे भाव वाढेल अशी आशा ठेवली, याला सहसा धंदा म्हणत नाहीत. आधीचे तीन प्रिंट वर्षानुवर्षं घरीच आहेत, एकही विकलेला नाही, हे तक्रारीत स्पष्ट मांडा. वर्ध्याची बोलणीही लपवू नका. उलटतपासणीत बाहेर आली तर जास्त महागात पडतील.

किती मागायचं? दिलेली रक्कम, व्याज, जाणकाराचा खर्च आणि मनस्तापाची वाजवी भरपाई. अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे लावून कोटींचा दावा करण्यात अर्थ नाही, त्याने तक्रार हलकी होते. खरी अडचण रोख दीड लाखांची आहे. त्याचं बिल नाही, आणि तो कसा दिलात हे आयोग विचारणारच. ‘दीड पोहोचले’ असा विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश असेल तर मोबाईल जपून ठेवा, विकू नका. असा मोबाईलमधला पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63मधल्या, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागतो. संदेश नसेल, तर 3 लाख 30 हजारांपलीकडचं मिळणं कठीण.

पोलिसांत जाण्याची घाई नको. विक्रेत्यालाही वरच्या माणसाने फसवलं असू शकतं, आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा हेतू दाखवावा लागतो. पहिली नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, उत्तराला 15 दिवस द्या. तोवर बँकेचा उतारा आणि फ्रेमचे फोटो घेऊन जवळच्या वकिलाला भेटा.