बामणोलीत नेट हवंय? आधी डोंगर बघ

भावा, साताऱ्याकडच्या बामणोलीला शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठी तंबू ठोकणार असशील तर मोबाईलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर मागवायच्या नादाला लागू नकोस. विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदा आहे, आणि मुळात सिग्नलच नसेल तर तो वाढवणार काय? खरी अडचण डोंगराची, तो टॉवरचा सिग्नल अडवतो. फोनमध्ये आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय त्याचा आकडा (डीबीएममध्ये, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), दाखवणारं ॲप टाक आणि काठावरून वर चढत आकडा बघत जा. उणे ९५ च्या आसपास आला तर मस्त. उणे ११५ ला मेसेज कसेबसे जातात.

मग पॉवर बँकेवर चालणारा, बाहेरून अँटेना जोडता येणारा फोर-जी राउटर घे. डायरेक्शनल (एकाच दिशेचा सिग्नल जोरात पकडणारी) अँटेना काठीला बांध, थोडी फिरव, मिनिटभर थांब, आकडा वाच, पुन्हा फिरव. कंटाळवाणं आहे, पण फरक इथंच पडतो. पातळ केबल दहा मीटर टाकलीस की अँटेनाने कमावलेलं बरंचसं तिथंच संपतं, त्यापेक्षा राउटरच वर अँटेनाजवळ बांध. राउटरमध्ये बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) निवडता येत असेल तर ८५०-९०० मेगाहर्ट्झ आधी बघ, डोंगराआड तोच जरा बरा पोचतो. तंबूपर्यंतचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर ठेव. ५ गिगाहर्ट्झ झाडीत लवकर दम टाकतं. पावसाळ्यात राउटर प्लास्टिकच्या डब्यात, आणि वायरीचं भोक खालच्या बाजूला.